खाल्लेलं जातं कुठं?

माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया अजूनही मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, “सुनंदाताई, मांगच्या हिवाळ्यात तुम्ही इतक्या बारीक कशा झाल्या होत्या वं? काय खात होत्या, सांगा ना.”

मी खरं तेच सांगते. सगळं खात होते. भाकरी, पोळी, भात, सकाळचं शिळं, संध्याकाळचं ताजं, मुलांना पाठवायला केलेला चिवडा, देवापुढचं खोबरं. बायांना वाटतं, मी उपाय लपवून ठेवलाय. एकीने तर रागारागाने ब्लाउजचं कापडच परत नेलं.

म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांना हा आजार झालाय त्यांना थोडा धीर यावा, आणि ज्यांना तो हवासा वाटतो त्यांना थोडा धाक बसावा. औषधांची नावं मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच.

धामणगाव बढे हे आमचं गाव, मोताळा तालुक्यात. मिस्टर शेती बघतात, कापूस आणि सोयाबीन. मुलगा आणि मुलगी शिकायला बाहेरगावी. घरात आम्ही दोघं, सासू-सासरे आणि सासऱ्यांच्या दोन म्हशी. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणतात. समोरच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे, आणि गावातल्या निम्म्या बायांची मापं माझ्या डोक्यात आहेत. कोण सुटली, कोण वाळली, हे डॉक्टरच्या आधी मला कळतं. फक्त स्वतःचं कळायला उशीर लागला.

पोटाला भोक

तुळशीचं लग्न झालं की आमचा हंगाम सुरू होतो. रोज नवा ढीग. त्या गडबडीत माझा ब्लाउज सैल व्हायला लागला. मी एक टीप घातली. पुन्हा सैल झाला, पुन्हा घातली. मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू? लग्नातल्या साड्या काढून अंगाला लावून बघितल्या.

पण भूक काही वेगळीच होती. जेवून उठले की हात धुता धुता पुन्हा पोटात आग पडायची. ‘खायला काळ आणि भुईला भार’ म्हणतात ना, तशी मी खायला काळ झाले होते, पण भुईला भार रोज कमी होत होता. डिसेंबरच्या थंडीत सगळं घर गोधडीत आणि मी पंख्याखाली. मिस्टर पंखा बंद करायचे, मी चालू करायची. यावरून आमची जितकी भांडणं झाली तितकी लग्नापासून झाली नव्हती.

मग हात थरथरायला लागले. सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलवायची वेळ आली. डोळे मोठे दिसायला लागले, म्हणून ब्लाउज मागायला आलेल्या बाया दारातूनच “राहू द्या ताई, उद्या येतो” म्हणून परत जायच्या. मी त्यांच्यावर डोळे वटारते असं त्यांना वाटे. हा एक फायदा मात्र झाला, घाई कोणी करेना.

मामंजींनी एक दिवस जेवताना माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि भाकरी खाली ठेवली.

“भैस खाते तं दुधात दिसते,” ते म्हणाले. “बैल खाते तं कामात दिसते. हे पोरगी माह्यापेक्षा जास्त खाऊन राह्यली. मंग खाल्लेलं जाते कुठी?”

प्रश्न चांगला होता, पण उत्तर त्यांनी स्वतःच काढलं: जंत. दुसऱ्या दिवशी ते म्हशीला देतात ती जंताची भलीमोठी गोळी घेऊन आले आणि तिचे चार तुकडे करायला बसले. मिस्टर वेळेवर आले म्हणून मी वाचले. मामंजींना तरीही वाटत होतं, एक तुकडा द्यायला काय हरकत आहे.

ओट्यावरची पंगत

आत्याबाईंचं दुःख वेगळं होतं. अख्ख्या गावात त्यांच्या हाताला नाव. लग्न असो की तेरवी, वरण-बट्टी करायची तर आधी लीलाबाईला विचारतात. आणि त्याच लीलाबाईची सून दिवसेंदिवस वाळत चालली होती. पिठाच्या गिरणीवर कोणीतरी बोललं, “गावाले बट्ट्या खाऊ घालते अन् सुनेले पाणी पाजते.”

ते आत्याबाईंच्या कानावर आलं. त्या दिवसापासून माझं ताट स्वयंपाकघरात वाढणं बंद झालं. मला बाहेर ओट्यावर बसवून जेवायला वाढायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. वाढताना आवाज चढवायच्या, “घे अजून तूप! घे अजून एक बट्टी! कोनी कमी केलं तुले?” मी खाली मान घालून खायची. गल्लीतली कुत्री आणि लहान पोरं बघत उभी राहायची. मी तिसरी बट्टी संपवली की आत्याबाई रस्त्याकडे अशा बघायच्या, जणू कोणी आता सही करून जावं.

पण झालं उलटंच. एवढं खाऊन मी आणखी वाळत गेले, तेव्हा गिरणीवरची चर्चा पुढे सरकली. आता लोक म्हणू लागले की दाखवायला ओट्यावर वाढते, नंतर आत नेऊन काय करते कोण जाणे.

ही बातमी माझ्या माहेरी डोणगावला कशी पोचली ते मला अजून माहीत नाही. पण मेहकर, चिखली, बुलढाणा, मोताळा अशा चार एस्ट्या बदलून माझी माय आली. एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. मला बघितलं आणि दारातच मटकन बसली.

“काय हाल केले माह्या लेकराचे!”

लेकरू चाळिशीला आलेलं. पण मायला ते कोण सांगणार?

आत्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “इहीणबाई, आधी घरात तं या. मंग बोला.”

“घरातच आली मी. माह्यी पोरगी घरात दिसून नाई राह्यली. इच्यात अर्धी उरली.”

“खाते ना हो चांगली! विचारा तिले!”

मी तोवर डबा उघडला होता, आणि तोंडात लाडू असल्यामुळे मला बोलता आलं नाही.

त्यानंतर माय आमच्याकडेच मुक्कामाला राहिली. त्या दिवसांत दोघींच्यात सरळ भांडण झालं नाही, सगळं माझ्या ताटातून झालं. आत्याबाईंनी पातोडीची भाजी केली की माय कढी करायची. मायने शिरा केला की आत्याबाई पुरणावर जायच्या. दोघी समोर बसून बघायच्या, मी कोणाचं आधी संपवते. मी दोघींचं संपवायची. एका रविवारी मी भाकरीचा सातवा की आठवा चतकोर घेतला तेव्हा मायचे डोळे भरून आले आणि तिने मिस्टरांना ऐकवलं, “जावईबापू, यंदाच्या संक्रांतीले मी इले डोणगावले घेऊन जाईन. बरी झाली तं पाठवीन. नाई तं नाई.”

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या हातची भाकरी करपली.

एक वाक्य, दोन घोटाळे

शेवटी मिस्टर मला मोताळ्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी नाडी बघितली, हात पुढे करायला लावले, बोटांवर एक कागद ठेवला आणि तो कागद पिंपळाच्या पानासारखा हलला. “रक्त तपासू,” ते म्हणाले.

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही घरी होतो. डॉक्टरांचा फोन मिस्टरांनी स्पीकरवर लावला. सगळं घर भोवती जमलं. डॉक्टर म्हणाले, “थायरॉईड निघालंय. त्यामुळे चयापचय फार वाढलंय. बुलढाण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या, उशीर करू नका.”

एवढंच वाक्य. आत्याबाईंनी त्यातून दोन गोष्टी उचलल्या.

पहिली गोष्ट चहा. “चहापचय वाढलं म्हन्ते डॉक्टर,” त्या मायला म्हणाल्या. “म्या आधीच सांगत होती, मशीनवर बसून दिवसभर चहा ढोसते. पचला नाई तो. अंगात साचला.” मायलाही पटलं. दोघींचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. त्याच संध्याकाळी घरातला चहा बंद. माझाच नाही, सगळ्यांचा, कारण वासाने मला मोह होईल. मामंजी दोन दिवस बैठकीत रुसून बसले, तिसऱ्या दिवशी चौकातल्या टपरीवर सापडले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

दुसरी गोष्ट थायरॉईड. आमच्या गावात थायरॉईड म्हणजे फुगणं. माझी नणंद वनिता मोताळ्याला असते. तिला थायरॉईड आहे, ती चांगली भरलेली आहे, आणि रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. गावातल्या निदान पाच-सहा बाया अशाच. त्यामुळे लोक आधी मानायलाच तयार नव्हते. “लुकड्या बाईले थायराईड कसं होईन?” असं शेजारीणसुद्धा म्हणाली. पण डॉक्टर म्हणतात म्हणजे असेल. बुलढाण्याचे मोठे डॉक्टर बाहेरचे पेशंट ठरावीक वारीच बघतात, त्यात कापूस वेचणीला बाया लागलेल्या, म्हणून जायचं पुढच्या आठवड्यावर गेलं. मग तोवर काय करायचं?

आत्याबाई मोताळ्याच्या बाजाराला गेल्या आणि वनिताकडून गोळ्यांची एक पट्टी घेऊन आल्या.

“तोच रोग, तीच गोळी,” त्या म्हणाल्या. “कशाले थांबाचं? घे.”

माय म्हणाली, “घे.” मिस्टर म्हणाले, “वनिताला लागू आहे ना, मग घे.” आणि मी घेतली. कोणी माझ्या तोंडात कोंबली नाही. मलाही बरं व्हायचं होतं आणि डोणगावला जायचं नव्हतं. तिथे जाऊन मशीनशिवाय मी काय करू?

आता मला माहीत आहे की थायरॉईड दोन तऱ्हेचं असतं. एकात गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी, आम्ही गाठ म्हणतो ती, आळशी होते, दुसऱ्यात पिसाळते. वनिताची आळशी, माझी पिसाळलेली. आळशीला जागं करायची गोळी मी पिसाळलेलीला देत होते.

घाट

पुढे काय झालं ते मला तुटक आठवतं. मी दुपारी मशीनवर होते. छाती आधीपासूनच धडधडत होती, पण त्या दुपारी तिचा ठेका चुकला. धाड-धाड, मग काहीच नाही, मग एकदम घोडा उधळल्यासारखी. पायडलवरचा पाय मला हलवता येईना. समोर गिऱ्हाईक होतं, तिला मी म्हणाले, “बाई, बाहीचं माप राहिलं,” आणि खाली घसरले.

शेजारच्या सलीमभाईंनी गाडी काढली. मिस्टर पुढे, मी मागे, माझ्या एका बाजूला माय आणि दुसऱ्या बाजूला आत्याबाई. दोघींनी माझा एकेक हात धरला होता. मोताळा सोडलं तोवर दोघींचं सुरू झालं होतं.

“म्या तवाच नेली असती तं—”

“नेऊन काय करत होत्या? डोणगावले काय मोठा दवाखाना हाये?”

राजूर घाट लागला. सलीमभाई आरशातून बघत म्हणाले, “चाची, झगडा ऊपर जाके करो. अभी मोड़ है.”

मी हसायचा प्रयत्न केला, पण श्वास पुरेना. ओठ हलले आणि आवाज आला नाही. ते दोघींनी एकाच वेळी बघितलं आणि दोघी गप्प झाल्या. तोवर मला भीती वाटली नव्हती. त्या दोघी गप्प झाल्या तेव्हा मला कळलं की मी मरू शकते. मला मुलांची आठवण झाली. मुलीचा निळा ड्रेस अर्धवट शिवून ठेवला होता, तो कोणाला कसा पुरा करता येणार, हेच मी घाट चढेपर्यंत सारखं मनात घोळवत होते.

“एक नाई. दोन.”

बुलढाण्याच्या दवाखान्यात मला लगेच आत घेतलं. छातीला वायरी, हाताला सुई. मोठ्या डॉक्टर बाई होत्या, उंच, चष्मा केसात खोचलेला. त्यांनी जुना रिपोर्ट बघितला, पडद्यावरची रेघ बघितली आणि कपाळाला आठी घातली.

“एवढं एकदम कसं बिघडलं? कुठली गोळी चालू आहे का?”

मिस्टरांनी सांगितलं, “बहिणीची थायरॉईडची गोळी देत होतो. रोज एक.”

“तिची गोळी हिला?” डॉक्टर बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. “एकच ना? नक्की? मला नीट सांगा, त्यावर पुढचं ठरणार आहे.”

“एकच,” मिस्टर म्हणाले. मीही मान हलवली. मला तेवढंच माहीत होतं.

माझ्या पायथ्याशी माय उभी होती, तिच्या पलीकडे आत्याबाई. मी आत्याबाईंचा चेहरा बघत होते. त्यांना काही बोलायचं आहे आणि बोलू नये असंही वाटतंय, हे स्पष्ट दिसत होतं. गप्प बसल्या असत्या तर कोणालाही कधी कळलं नसतं. आणि बोलल्या तर कोणासमोर? ज्या विहिणीला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की सासूने सून संपवली, तिच्यासमोर.

“एक नाई,” आत्याबाई म्हणाल्या. “दोन.”

सगळे त्यांच्याकडे वळले.

“म्या दुसरी कुटून दुधात टाकत होती. रोज. एका गोळीनं फरक पडून नाई राह्यला म्हनून. संक्रांत जवळ आली. इहीणबाई इले घेऊन जात होत्या.” त्यांनी मायकडे बघितलं. “लवकर बरी होईन, मंग नाई नेणार, असं वाटलं वं माय. म्याच देल्ली. म्याच.”

डॉक्टर बाईंनी नर्सला काहीतरी भराभरा सांगितलं. मग त्या आत्याबाईंकडे वळल्या. “बरं झालं सांगितलंत. हे माहीत नसतं तर मी अंधारात औषध दिलं असतं.” आणि मग, नर्सची सुई लावून झाल्यावर, त्यांनी आम्हा सगळ्यांना जे झापलं ते मी इथे लिहीत नाही. आम्ही ते ऐकण्याच्याच लायकीचे होतो.

मायने आत्याबाईंकडे पाठ केली आणि माझी चादर नीट करायला लागली. दुसऱ्या दिवशीही ती त्यांच्याकडे वळली नाही.

वॉर्डातले दिवस

दवाखान्यातली सकाळ झाडूवाल्या मावशींच्या आवाजाने होते. मग नर्स, मग रक्त, मग डबे. माझी छाती दोन-तीन दिवसांत ताळ्यावर आली, भूक मात्र तशीच. शेजारच्या खाटेवरची बाई ऑपरेशनची, तिला अन्नाचा वास सोसत नसे. तिचं ताट रोज मी संपवायची. तिने मला मनापासून आशीर्वाद दिले.

मामंजी डबा घेऊन आले तेव्हा डॉक्टर बाई राउंडला होत्या. आत्याबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी भीत भीत विचारलं, “बाई, चहा बंदच ठेवू ना?”

“चहा? का?”

“ते... चहापचय वाढलं म्हनून.”

डॉक्टर बाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की कानातली नळी काढून हातात घ्यावी लागली. “आजी, चयापचय. चहा नाही. आपण खातो ते शरीर साठवतं आणि लागेल तसं खर्च करतं, तो सगळा कारभार म्हणजे चयापचय.”

मामंजींना जागा मिळाली. “मंग मले एक सांगा. इतके दिवस इचं खाल्लेलं गेलं कुठी?”

“उष्णतेत,” डॉक्टर बाई म्हणाल्या. “आपण जेवतो त्यातलं थोडं यकृतात जाऊन बसतं, लगेच लागेल म्हणून. जास्तीचं चरबी होऊन राहतं, अडीअडचणीला. गळ्यातली गाठ ठरवते, किती वेगाने जाळायचं. हिच्या गाठीला लगामच उरला नाही. आलेलं सगळं जळालं. मग चरबी जळाली. मग अंगातलं मांस. ही बसून ब्लाउज शिवत होती, पण आतून दिवसभर नांगर ओढत होती.”

मामंजींना म्हैस आठवली. “भैस व्याली की अशीच उतरते. खाते त्याच्याहून जास्त दूध देते, मंग अंगातलं काढून देते.”

“बरोबर.”

“पण तिचं दूध तं भेटते आपल्याले,” मामंजी हळहळले. “इची सारी गर्मी फुकट गेली.”

डॉक्टर बाई पुन्हा हसल्या. जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, “आणि आजी, चहा सध्या कमीच बरा. त्याने धडधड वाढते.”

आत्याबाईंनी सगळ्या वॉर्डाकडे बघितलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांची मान वर झाली होती. “पाह्यलं?” त्या मामंजींना म्हणाल्या. मामंजी, जे टपरीवरून चहा पिऊनच आले होते, खिडकीबाहेर बघू लागले.

गप्प घर

डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं, काही आठवडे गोळ्या न चुकता घ्यायच्या आणि पुन्हा दाखवायला यायचं. त्यामुळे डोणगावला जाणं लांबलं. माय आमच्याकडेच राहिली आणि माझ्या गोळ्या तिने ताब्यात घेतल्या. पट्ट्या कमरेच्या पिशवीत. तिला वाचता येत नाही, म्हणून तिने एका पट्टीला लाल दोरा आणि दुसरीला पांढरा बांधला होता. सकाळी पिशवीची गाठ सोडायची, माझ्या तोंडात गोळी टाकायची, जीभ बाहेर काढायला लावून गिळल्याची खात्री करायची.

आत्याबाई त्या वेळी म्हशींकडे निघून जायच्या. त्या औषधाच्या जवळही फिरकत नव्हत्या. इतकंच नाही, मला दूध द्यायचं झालं तर पेला मायच्या समोर भरायच्या आणि मायच्याच हातात द्यायच्या. माझं ताट पुन्हा स्वयंपाकघरात आलं. घे अजून, घे अजून, असं कोणी म्हणेना. मायने कढी केली तर आत्याबाई “बरी झाली” म्हणायच्या आणि खरंच बरी झाली असं वाटायचं.

मला वाटलं नव्हतं की भांडणाची इतकी आठवण येईल. मिस्टर म्हणाले, घर कसं शांत आहे. मी त्यांना सांगितलं की असल्या शांततेपेक्षा पंख्यावरून भांडलेलं बरं. एक दिवस मी मायला सरळ म्हटलं, “आत्याबाईंशी बोल ना गं.”

“मी काय बोलू?” माय म्हणाली. “मारणारी होती वं ते तुले.”

“तू पण ‘घे’ म्हणाली होतीस.”

मायने तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या.

हळूहळू गोळ्यांनी काम केलं. हातांची थरथर कमी झाली. एका सकाळी सुईत दोरा पहिल्याच फटक्यात ओवला गेला आणि मी मशीनवर बसल्या बसल्या रडले. मिस्टरांनी पंखा बंद केला तरी मला चाललं. ब्लाउजची एक टीप उसवावी लागली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात शिवण उसवली नव्हती.

पट्टी

दाखवायला गेलो तेव्हा आमची अख्खी फौज होती. डॉक्टर बाईंनी नवा रिपोर्ट बघितला, मला वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, “छान. लगाम लागला. पण गोळी वर्ष-दीड वर्ष तरी चालणार. मध्येच सोडायची नाही, आणि कोणाची उसनी घ्यायची नाही.” शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं.

परत आलो. संक्रांत केव्हाच होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मायने आपली पिशवी भरली. मी दारात उभी होते आणि मला माहीत नव्हतं, ती एकटी जातेय की मला चल म्हणणार आहे. तिने माझे कपडे भरलेत का, हे मी चोरून बघत होते. आत्याबाई आत स्वयंपाकाच्या ओट्यापाशी भांडी लावत होत्या. एकच पातेलं त्या कितीतरी वेळ लावत होत्या.

मायने कमरेच्या पिशवीची गाठ सोडली. दोन्ही पट्ट्या काढल्या. चालत चालत स्वयंपाकघरात गेली आणि त्या आत्याबाईंच्या समोर धरल्या.

“लाल दोऱ्याची सकाळी,” ती म्हणाली. “पांढऱ्याची दोन्ही टाइम. तुम्हीच देत जा इहीणबाई.”

आत्याबाईंनी हात मागे घेतला. “मी? नाई बाप्पा. मी नाई देणार.”

“काऊन?”

“तुमाले मालूम हाये काऊन.”

“मालूम हाये म्हनूनच देऊन राह्यली,” माय म्हणाली. “त्या दिवशी गप बसल्या असत्या तं माह्यी पोरगी गेली असती. मी असती तुमच्या जागी, तं बोलली असती की नाई, देवाले मालूम. धरा.”

आत्याबाईंनी ओले हात पदराला पुसले. पट्ट्या घेतल्या, लाल दोरा बघितला, पांढरा दोरा बघितला, आणि पातेल्यावर डोकं टेकवून हुंदके देऊन रडायला लागल्या. मायचंही तोंड वाकडं झालं, पण तिला एसटी गाठायची होती.

“रडता काय आता?” ती खेकसली. “पोरगी केव्हाची उभी हाये दारात. भूक लागली असन तिले. वाढा काईतरी.”

आत्याबाईंनी डोळे पुसत माझ्याकडे बघितलं. “जेवतं काय वं?”

मला भूक नव्हती. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मला अजिबात भूक नव्हती.

“हाव, वाढा,” मी म्हटलं, आणि पाट ओढून बसले.